कुलाब्याचें अफगाण चर्च

(नभोवाणीवरील भाषण)

जुन्या काळीं समुद्रमार्गानें मुंबईस येणाऱ्या एखाद्या गलबतावर आपण उभे आहां, अशी क्षणभर कल्पना करा. पहांटेची वेळ आहे. बंदर जवळ आलें आहे, पण किनाऱ्याची रेषा अजून धूसर आहे. अशा वेळीं तांडेलाची नजर एका खुणेचा शोध घेत असे. कुलाब्याच्या चिंचोळ्या पट्टीवर एक टोंकदार दगडी शिखर उभें दिसे. तें दिसलें म्हणजे आपण कोठें आहों हें त्याला कळे. तें शिखर म्हणजे सेंट जॉन दि इव्हँजेलिस्ट या नांवाच्या चर्चचा मनोरा होय. त्याची उंची सुमारें १९८ फूट आहे. पण हें लांबलचक नांव मुंबईकरांच्या तोंडीं कधीं बसलें नाहीं. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात, आणि त्याच नांवांत त्याचा सारा इतिहास आहे.

मी त्या पंथाचा अनुयायी नव्हें, किंवा इमारतींचा तज्ज्ञहि नव्हें. जन्मभर शाळेंत इतिहास आणि थोडेंसें पदार्थविज्ञान शिकविलेला मी एक निवृत्त शिक्षक आहें. परंतु या इमारतीपाशीं उभें राहिलें म्हणजे माझे हे दोन्ही विषय एकत्र येतात. म्हणून ही वास्तु कां बांधली, कशी बांधली, आणि बांधून झाल्यावर तिला कोणतीं दुखणीं जडलीं, या तीन प्रश्नांचा आज आपण विचार करूं.

पहिला प्रश्न, ती कां बांधली? १८३८ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनें काबूलच्या गादीवर शाह शुजा यास बसविण्यासाठीं मोठी फौज धाडली. तींत बंगालच्या सैन्याबरोबर मुंबईचेंहि सैन्य होतें. सिंधमार्गें, बोलन खिंडींतून हें सैन्य वर गेलें, आणि २३ जुलै १८३९ रोजीं गझनीचा किल्ला पडला. पुण्याच्या घोडदळाला त्या लढाईचा मान आजहि आहे. विजय सोपा वाटला. पण परक्या देशांत गादी मिळविणें निराळें आणि टिकविणें निराळें. १८४१ च्या नोव्हेंबरांत काबूलांत उठाव झाला. ६ जानेवारी १८४२ रोजीं इंग्रजी सैन्य काबूल सोडून निघालें. त्यांत लढणारे सुमारें साडेचार हजार, आणि बाजारबुणगे सुमारें बारा हजार होते. बर्फ, भूक आणि खिंडींतील गोळीबार यांच्या तडाख्यांत ही सारी वाहिनी आठ दिवसांत विरून गेली. १३ जानेवारी रोजीं जलालाबादच्या तटावरून पहारेकऱ्यांना दिसला तो थकलेल्या घोड्यावरचा एकटा घायाळ डॉक्टर, विल्यम ब्रायडन. पुढें कांहीं कैदी सुटले, कांहीं शिपाई कसेबसे परतले. पण त्या दिवशीं तो एकटाच होता. आपल्या घरांत पानिपताच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसाला हें वर्णन ऐकतांना काय आठवतें, तें मीं सांगावयास नको. पानिपतचा दिवस १४ जानेवारी १७६१. तारखांत अंतर अवघें एका दिवसाचें.

या मोहिमेंतील एक प्रसंग तर आपल्या अगदीं जवळचा आहे. बलुचिस्तानांत काहान नांवाचें एक ठाणें आहे. १८४० सालीं तेथें मुंबईच्या पांचव्या नेटिव्ह इन्फन्ट्रीची एक तुकडी मरी टोळ्यांच्या वेढ्यांत सांपडली. मदत येईना, अन्न संपत आलें, तरी या शिपायांनीं उन्हाळाभर आणि पावसाळाभर तें ठाणें लढविलें, आणि शेवटीं मानानें, शस्त्रांसह ते बाहेर पडले. तीच पलटण आज मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन आहे, आणि 'काळी पांचवी' हें तिचें नांव अजून चालू आहे.

या मोहिमांत आणि त्यांच्या मागोमाग झालेल्या सिंधच्या युद्धांत जे मेले, त्यांचें स्मारक म्हणून हें चर्च उभें राहिलें. कुलाब्यास लष्करी छावणी होती, आणि तेथें प्रार्थनेसाठीं पूर्वीं एक लहानसें चॅपेल होतें. त्याच्या जागीं मोठें, पक्कें मंदिर व्हावें ही इच्छा, आणि युद्धांतील मृतांचें स्मरण व्हावें ही इच्छा, अशा दोन इच्छा येथें एकत्र आल्या. सरकारनें जागा दिली, पण तिजबरोबर अट घातली, कीं बंदरांत शिरणाऱ्या गलबतांना दुरून दिसेल असा उंच मनोरा बांधला पाहिजे. म्हणजे हा मनोरा नुसता शोभेचा नव्हता. तो करारांतला होता.

४ डिसेंबर १८४७ रोजीं गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीं कोनशिला बसविली. परंतु कोनशिला बसविणें एका दिवसाचें काम आणि इमारत बांधणें वर्षानुवर्षांचें. चर्चचा संस्कारपूर्वक प्रारंभ बिशप हार्डिंग यांच्या हस्तें झाला तो ७ जानेवारी १८५८ रोजीं, म्हणजे दहा वर्षांनीं. आणि तोहि शिखरावांचून. शिखर पुरें व्हावयास १० जून १८६५ चा दिवस उजाडावा लागला. सर कावसजी जहांगीर यांच्यासारख्या पारशी गृहस्थानेंहि या कामीं ७,५०० रुपयांची देणगी दिली. १८६५ हें साल मुंबईच्या इतिहासांत विसरतां न येण्यासारखें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि शहर शेअरांच्या नादीं लागलें होतें. शिखर पुरें झाल्यानंतर तीनच आठवड्यांनीं, १ जुलै रोजीं, तो सारा फुगा फुटला. आणखी वर्षभर काम लांबलें असतें, तर मनोऱ्याचें काय झालें असतें कोण जाणे!

आतां दुसरा प्रश्न. ही इमारत बांधणाऱ्याचें नांव हेन्री कॉनिबेअर. हें नांव आपण लक्षांत ठेवावें, कारण मुंबईवर त्याचे याहून मोठे उपकार आहेत. विहीर-तळ्यांवर तहान भागविणाऱ्या या शहराला पहिलें नळाचें पाणी मिळालें तें विहार तलावाचें. आणि १८५६ ते १८६० या काळांत बांधलेल्या त्या तलावाची योजना याच कॉनिबेअरची. एकाच माणसानें एकीकडे शहराला पाणी आणलें, आणि दुसरीकडे अशी इमारत बांधली कीं जिच्यांत पाणी शिरूं न देणें हीच तिच्या आयुष्याची मुख्य काळजी होऊन बसली. त्याचा दोष मी कॉनिबेअरवर ठेवीत नाहीं. दोष असला तर तो त्या काळच्या आवडीचा होता.

त्या काळीं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या पूर्वार्धांत, इंग्लंडांत असा एक विचार प्रबळ झाला होता कीं खरें ख्रिस्ती मंदिर म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या गॉथिक पद्धतीचेंच असलें पाहिजे. टोंकदार कमानी, उभट खिडक्या, उतरतें उंच छप्पर, आणि वर निमुळतें शिखर. गांवोगांवचीं पॅरिश चर्चें याच नमुन्यावर नवीं बांधलीं गेलीं. कुलाब्याचें चर्च त्यांतलेंच एक भावंड आहे. फरक एवढाच कीं तें अरबी समुद्राच्या कांठीं जन्मास आलें. आंतील वेदीमागची शोभा, पडदा, बांकें आणि फरशी यांचे आराखडे विल्यम बटरफील्ड या नामांकित वास्तुशिल्पज्ञाचे. लंडनमधील मार्गरेट स्ट्रीटवरचें ऑल सेंट्स चर्च बांधणारा तो हाच. पूर्व-पश्चिमेच्या मोठ्या खिडक्यांतील रंगीत कांचकाम न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स याचें. पुढें १९०४ सालीं लफबरो येथील टेलर यांच्या कारखान्यांतून आठ मोठ्या घंटा आणून मनोऱ्यांत चढविल्या. ऊन चढल्यावर आंत शिरावें, म्हणजे त्या कांचांतून उतरलेला लाल-निळा प्रकाश फरशीवर सांडलेला दिसतो, आणि बाहेरच्या रस्त्याचा आपणांस विसर पडतो.

कमानीची गंमत मी मुलांना अशी सांगत असें. दोन मुलांनीं समोरासमोर उभें राहून एकमेकांच्या तळव्यांवर भार टाकावा, झाली कमान. पण पाय घसरूं लागतात, कारण कमान नेहमीं बाहेर ढकलते. मग प्रत्येकाच्या टांचेमागें एकेक मूल बसवावें. तीं मुलें म्हणजे भिंतींना बाहेरून दिलेल्या टेकूच्या भिंती. टोंकदार कमान गोल कमानीपेक्षां कमी ढकलते, म्हणून गॉथिक इमारत उंच जाऊं शकते. परंतु ढकलणें थांबत नाहीं. दीडशें वर्षें झालीं तरी ती इमारत रात्रंदिवस ढकलीत आणि सांवरीत उभी आहे. ज्या दिवशीं एखाद्या टेकूच्या मुळाशीं ओल जाऊन चुना सुटेल, त्या दिवसापासून हा हिशेब बिघडूं लागतो. भेगा पडतात त्या अशाच. त्या एका दिवसांत पडत नाहींत, दिसतात मात्र एका दिवशीं.

आतां तिसरा प्रश्न, दुखण्यांचा. लंडनमध्यें वर्षाकांठीं साठ सेंटिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तोहि बारा महिन्यांत वांटून, भुरभुर. कुलाब्यास दोन मीटरांहून अधिक पडतो, आणि त्यांतला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा, झोडपीत येतो. उभट इंग्रजी भिंतीला वरून पडणारा पाऊस ठाऊक होता. बाजूनें येणारा नव्हता. आपल्या कोंकणांतील घराकडे पाहा: छप्पर भिंतीच्या पुष्कळ पुढें आलेलें, भोंवतीं पडवी, आणि भिंत सावलींत लपलेली. गॉथिक चर्चची भिंत मात्र छाती काढून पावसापुढें उभी राहते.

त्या भिंतींत दगड दोन जातींचे आहेत. बाहेरचा मुख्य दगड कुर्ल्याच्या खाणींतला. तो ज्वालामुखीच्या रसापासून बनलेला, कठीण. पण खांब, कमानी आणि कोरीव भाग यांसाठीं पोरबंदरचा दगड वापरला आहे. तो चुनखडीचा. समुद्रांतील शिंपल्यांच्या बारीक कणांचा थर दाबून झालेला हा दगड करवतीनें कापतां येतो, आणि पाथरवटाच्या हातांत लोण्यासारखा वागतो. म्हणून मुंबईच्या मोठमोठ्या इमारतींनीं तो गलबतें भरभरून आणविला. परंतु जो दगड छिन्नीला लवकर वश होतो, तो पाण्यालाहि लवकर वश होतो. त्याच्या अंगांत सूक्ष्म छिद्रें असतात, आणि तीं पाणी पितात.

नुसतें पाणी पितात इतकेंच असतें, तर तें वाळून गेलें असतें. पण समुद्रकांठचा वारा खारा. त्याबरोबर मीठ दगडांत शिरतें. मी वर्गांत एक सोपा प्रयोग करीत असें. एक कच्च्या भाजणीची वीट मिठाच्या दाट पाण्यांत बुडवावयाची, आणि उन्हांत वाळवावयाची; पुन्हां बुडवावयाची, पुन्हां वाळवावयाची. कांहीं आठवड्यांनीं विटेवर पांढरी बुरशी यावी तसें मीठ फुलून येतें, आणि बोट लावलें कीं कडा भुग्यासारख्या सुटतात. पाणी वाळतांना मिठाचे स्फटिक बनतात, त्यांना वाढावयास जागा हवी असते, आणि ते विटेच्या छिद्रांच्या भिंती फोडून ती जागा करून घेतात. आपल्या घरांतल्या भिंतीला लोणा लागतो, तो याच जातीचा रोग. कुलाब्याचे दगड असा प्रयोग स्वतःवर दरवर्षीं करून घेत आहेत. पावसाळ्यांत बुडतात, उन्हाळ्यांत वाळतात. त्यांत शहराच्या धुरांतला गंधकाचा अंश पावसांत मिसळला, म्हणजे चुनखडीचें रूपांतर ठिसूळ पापुद्र्यांत होऊं लागतें. कोरलेली पानेंफुलें प्रथम जातात, मग कडा जातात, आणि मग दगडाचा पृष्ठभागच पोपड्यांनीं निघूं लागतो.

दुसरा शत्रु लोखंड. जुन्या दगडी इमारतींत दगडांना दगड बांधण्यासाठीं लोखंडी कड्या घालीत, आणि रंगीत कांचेच्या खिडक्यांना लोखंडी गज देत. लोखंड गंजलें कीं फुगतें. तो गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो, आणि भोंवतालचा दगड तडकतो. ज्या धातूनें धरून ठेवावयाचें तोच आंतून फोडूं लागतो. कांचेचे तुकडे ज्या शिशाच्या पट्ट्यांत बसविलेले असतात, त्या पट्ट्याहि उन्हानें व वाऱ्याच्या दाबानें वांकतात, आणि खिडकीचें पोट पुढें येतें. तिसरा शत्रु पिंपळ. पांखराच्या चोंचींतून एक बीं मनोऱ्याच्या सांध्यांत पडतें. दोन पावसाळ्यांत त्याचें मूळ चुन्यांत शिरतें, आणि १९८ फुटांवर चढून तें उपटावें कोणीं? चौथा शत्रु वाळवी. छप्पर सागवानी असलें तरी ओलें लांकूड तिला चालतेंच.

आणि पांचवा शत्रु म्हणजे अज्ञानानें केलेली दुरुस्ती. ही गोष्ट मीं स्वतः पाहिलेली आहे, अर्थात् या चर्चमध्यें नव्हे. मी ज्या एका शाळेंत शिकवीत होतों, तिच्या दरवाजावर पोरबंदरी दगडाची सुंदर कमान होती. दगड झिजला म्हणून कोणीतरी त्याच्या दर्जा सिमेंटनें भरून घेतल्या. पहिल्या वर्षीं कमान नव्यासारखी दिसली, आणि आम्हीं सर्वांनीं समाधान मानलें, मींहि मानलें. जुना चुना मऊ असतो. भिंतींतली ओल त्यांतून बाहेर पडते, आणि झिजलाच तर चुना झिजतो, दगड वांचतो. सिमेंट घट्ट, त्यानें ओलीची वाट बंद केली. मग ती ओल, मिठासह, दगडांतूनच बाहेर पडूं लागली. सहा-सात वर्षांत सिमेंटच्या रेघा तशाच उभ्या राहिल्या, आणि मधले दगड खोल गेले. शास्त्राचा शिक्षक असून मला हें आधीं सुचलें नाहीं, याची खंत अजून वाटते.

श्रोतेहो, ही सारीं दुखणीं असाध्य नाहींत. कुर्ला व पोरबंदर याच दोन दगडांचा राजाबाई मनोरा २०१३ ते २०१५ या काळांत तज्ज्ञांनीं दुरुस्त केला, आणि आज तो पाहतांना डोळे निवतात. अडचण विद्येची कमी आणि व्यवस्थेची अधिक आहे. हें चर्च छावणीसाठीं बांधलें होतें. २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं शेवटची ब्रिटिश पलटण गेट वे ऑफ इंडियातून निघून गेली, आणि छावणीचें चर्च छावणीवांचून उरलें. १९७० पासून तें चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या छत्राखालीं आहे. १९९५ सालच्या नियमांन्वयें मुंबईच्या वारसा-वास्तूंची यादी झाली, तींत त्याला पहिली श्रेणी मिळाली. यादीचा उपयोग मोठा. तिनें पाडण्यास मनाई होते. पण यादीनें पन्हळ साफ होत नाहीं. इतका उंच मनोरा एका लहान उपासकमंडळीनें आपल्या दानपेटींतून संभाळावा, ही अपेक्षा कोणत्याहि धर्माच्या मंदिराकडून करणें न्यायाचें नाहीं.

येथें कोणी विचारील, आणि विचारणें योग्यच आहे, कीं परक्यांच्या राज्यानें, एका अन्याय्य युद्धाच्या स्मरणार्थ, बांधलेली ही वास्तु आम्हीं कां जपावी? याचें उत्तर मला त्या चर्चच्या भिंतींवरच सांपडलें. वेदीजवळच्या भिंतींवर मृत अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. आणि स्मारकलेखांत साध्या शिपायांविषयीं म्हटलें आहे, कीं ते इतके होते कीं त्यांचीं नांवें अशीं लिहितां आलीं नाहींत. त्यांत गोरे किती आणि मुंबई इलाख्यांतील आपल्या गांवांचे किती, हें भिंत सांगत नाहीं. बाजारबुणग्यांचा तर उल्लेखहि कोणी केला नाहीं. ज्यांचीं नांवें आहेत, त्यांचीं नांवें कागदोपत्रीं अन्यत्रहि सांपडतील. ज्यांचीं नाहींत, त्यांची दखल म्हणून या दगडांत कोरलेली ही एवढी कबुली आहे. ती साम्राज्याची शेखी नव्हे. ती त्याच्या पराभवाची पावती आहे, आणि अशी पावती हरवूं देऊं नये.

कोंकणांत वैशाख सरत आला कीं घर शाकारतात. घर गळूं लागल्यावर कोणी शाकारीत नाहीं. गळूं नये म्हणून दरवर्षीं, न चुकतां शाकारतात. मोठमोठ्या इमारतींनाहि याच रीतीची गरज आहे. दर मे महिन्यांत कोणीतरी वर चढून पन्हळी मोकळ्या कराव्या, पिंपळाचें रोप बोटाएवढें असतांनाच उपटावें, सुटलेल्या दर्जा चुन्यानेंच भराव्या. या कामाला कोनशिला नसते, आणि त्यासाठीं समारंभहि होत नाहीं. परंतु अठरा वर्षांत जें बांधलें गेलें, तें टिकतें या वार्षिक कामावर. आपण कधीं कुलाब्यास गेलांत, तर आंत जाऊन तो लेख अवश्य वाचा; आणि बाहेर आल्यावर मान वर करून शिखराच्या सांध्यांत कोठें हिरवें पान दिसतें कीं काय, तेंहि पाहा. दिसलें, तर तेथील व्यवस्थापकांना जातां जातां सांगून या.